बाळाला झोपवायचे कसे, हे आईला कोण सांगणार? सार्वजनिक आरोग्य विभागास खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य,
तसेच आरोग्य विभागाचे सचिव, आयुक्त आणि सर्व जिल्ह्यांचे आरोग्य अधिकारी

विषय : तान्ह्या बाळांची सुरक्षित झोप आणि झोपेत होणारे आकस्मिक बालमृत्यू

महोदय,

प्रसूतिगृहातून आई बाळाला घेऊन घरी निघते तेव्हा तिला काय काय सांगितले जाते, हे आपण जाणताच. पहिले सहा महिने फक्त अंगावरचे दूध द्या, नाळेला काही लावू नका, बाळाला ऊब द्या, दीड महिन्याने लसीला या, बाळ दूध ओढेनासे झाले किंवा अंग गार पडले तर थांबू नका. या सूचना घरोघर पोहोचवण्यासाठी परिचारिकांनी आणि आशाताईंनी वर्षानुवर्षे घेतलेले कष्ट मी जवळून पाहिले आहेत. मात्र दिवसाचे सोळा-सतरा तास झोपून काढणाऱ्या या जिवाला झोपवायचे कसे, कशावर, कोणाशेजारी आणि अंगावर काय घालून, याविषयी बहुतेक ठिकाणी तिला एक शब्दही सांगितला जात नाही. ते ज्ञान घरात आपोआप असते असे आपण गृहीत धरले आहे. ते गृहीतक आता सोडावे आणि सुरक्षित झोपेचा सल्ला राज्याच्या नवजात-सेवेचा अधिकृत भाग करावा, एवढ्यासाठी एक बालरोगतज्ज्ञ म्हणून मी हे पत्र लिहीत आहे.

ज्या मृत्यूंविषयी मला बोलायचे आहे त्यांना वैद्यकशास्त्रात सडन इन्फंट डेथ सिंड्रोम, थोडक्यात सिड्स, असे म्हणतात. एक वर्षाच्या आतले, वरकरणी निरोगी असलेले बाळ झोपेत दगावते आणि पूर्ण शवविच्छेदन, मृत्यूच्या जागेची पाहणी आणि आजाराचा पूर्वेतिहास तपासूनही कारण सापडत नाही, तेव्हाच हे नाव वापरतात. १९६९ मध्ये ही व्याख्या पहिल्यांदा ठरली आणि नंतर ती अधिक काटेकोर होत गेली. या मृत्यूंचे वय ठरलेले आहे. पहिल्या महिन्यात ते तुलनेने कमी असतात, दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात सर्वाधिक होतात आणि दहांपैकी नऊ मृत्यू सहा महिन्यांच्या आत घडलेले असतात. या वयोमर्यादेमागे बाळाच्या झोपेची आणि श्वासाची जडणघडण आहे. ती समजली की आईला द्यायच्या सल्ल्यातले प्रत्येक वाक्य का आहे हेही समजते, म्हणून मी तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते.

मोठे माणूस डोळा लागल्यावर आधी शांत झोपेत उतरते आणि स्वप्नांची झोप मागाहून येते. नवजात बाळाचा क्रम याच्या उलट असतो. ते सरळ सक्रिय झोपेत शिरते. पापण्यांखाली बुबुळे फिरत राहतात, ओठ चोखल्यासारखे हलतात, बोटे थरथरतात, चेहऱ्यावर हसू येऊन जाते आणि घरातल्या आजी म्हणतात की सटवाई हसवते आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत झोपेचा जवळजवळ निम्मा वेळ या अवस्थेत जातो. सक्रिय आणि शांत झोपेचे एक आवर्तन साधारण ५० ते ६० मिनिटांत पूर्ण होते, त्यामुळे बाळ वारंवार जागेपणाच्या काठावर येते. दिवस-रात्रीचे भान त्याला अजून नसते. झोपेशी संबंधित मेलाटोनिनचा रोजचा चढउतार दोन-तीन महिन्यांच्या सुमारास बसू लागतो, आणि त्याच काळात शांत झोपेचा वाटा वाढून रात्रीची झोप सलग होऊ लागते. आई-वडिलांना हायसे वाटते ते याच दिवसांत. मात्र शांत झोपेतून बाळाला जाग येणे सक्रिय झोपेपेक्षा कठीण असते, आणि म्हणून याच दिवसांत त्याला धोकाही अधिक असतो.

श्वासाचेही असेच आहे. मानेतील मोठ्या रोहिणीजवळ रक्तातला प्राणवायू मोजणारे सूक्ष्म संवेदक असतात. गर्भात ते अगदी कमी प्राणवायूला सरावलेले असतात आणि जन्मानंतर नव्या पातळीशी जुळवून घ्यायला त्यांना काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंतचा काळ लागतो. तान्हे बाळ काही श्वास भरभर घेते, पाच-दहा सेकंद थांबते आणि पुन्हा घेऊ लागते, ते या अपुऱ्या घडणीमुळे. अशी छोटी विश्रांती स्वाभाविक आहे. वीस सेकंदांहून अधिक काळ श्वास थांबला किंवा बाळ निळे पडले तर मात्र तो आजार समजून रुग्णालय गाठले पाहिजे.

झोपेत नाका-तोंडावर पांघरूण आले किंवा श्वास कोंडला तर निरोगी बाळ स्वतःचा बचाव स्वतः करते. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूचा देठ, म्हणजे श्वास आणि हृदय सांभाळणारा मेंदूच्या तळाचा भाग, इशारा देतो. बाळ आधी सुस्कारा टाकते, मग दचकते, मान वळवते, हातपाय झाडते आणि अखेर पूर्ण जागे होऊन रडते. एवढ्यानेही भागले नाही आणि प्राणवायू फार खाली गेला तर शेवटचा उपाय म्हणून आचके सुरू होतात, आणि अनेकदा त्यांनीही हृदय पुन्हा चालू लागते. जागे होण्याची ही साखळी हेच तान्ह्या बाळाचे संरक्षण आहे. सिड्सने दगावलेल्या अनेक बाळांच्या मेंदूच्या देठात सेरोटोनिन या रसायनावर चालणाऱ्या चेतापेशींच्या जाळ्यात दोष आढळले आहेत. अमेरिकेतील बोस्टन येथील हॅना किनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम अनेक वर्षे नेटाने केले. १९९४ मध्ये फिलियानो आणि किनी यांनी मांडलेली तिहेरी जोखमीची कल्पना आजही या विषयाचा आधार मानली जाते. बाळात जन्मजात काही उणीव असणे, त्याचे वय घडणीच्या नाजूक टप्प्यावर असणे आणि बाहेरून एखादा ताण येणे, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळल्या की मृत्यू घडतो. यांपैकी पहिली गोष्ट आज कोणत्याही तपासणीने आधी ओळखता येत नाही आणि दुसरी टाळता येत नाही. तिसरी बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे, आणि तिच्यात बाळाला झोपवण्याची स्थिती सर्वांत महत्त्वाची ठरली आहे.

बाळ पोटावर झोपले की त्याला जाग यायला अधिक मोठा धक्का लागतो. मेलबर्न येथे रोझमेरी हॉर्न यांच्या प्रयोगशाळेने निरोगी बाळांवर केलेल्या अभ्यासांतून हे वारंवार दिसले आहे, आणि त्या स्थितीत रक्तदाब व मेंदूला मिळणारा प्राणवायूही काहीसा कमी असतो. चेहऱ्यावाटे बाहेर पडणारी उष्णता अडते. गादी किंवा उशी मऊ असेल तर तोंडापुढे खळगा तयार होतो आणि बाळ स्वतःचाच सोडलेला श्वास पुन्हा पुन्हा आत घेत राहते. पोटावर ठेवले की बाळ शांत झोपते, असे अनेक आया सांगतात आणि त्यांचे निरीक्षण बरोबर आहे. त्या शांततेतच धोका आहे, कारण वारंवार चाळवणे हे या वयात बाळाचे रक्षण करते. कुशीवर झोपवणेही सुरक्षित नाही, कारण त्या स्थितीतून बाळ सहज पालथे होते. नेहमी पाठीवर झोपणाऱ्या बाळाला एखाद्या दिवशी पाळणाघरात किंवा पाहुण्यांकडे पोटावर झोपवले तर जोखीम अनेक पटींनी वाढते, हेही अभ्यासांत आढळले आहे. म्हणूनच हा सल्ला आईपुरता मर्यादित ठेवून चालणार नाही. आजी, मावशी, पाळणाघरातल्या ताई आणि रात्री बाळ सांभाळणारे वडील या सर्वांना तो ठाऊक हवा.

पाठीवर झोपवले आणि बाळाने गुळणी काढली तर दूध श्वासात जाईल, ही भीती घरोघरी असते आणि तिला आदराने उत्तर दिले पाहिजे. बाळ उताणे असते तेव्हा श्वासनलिका वरच्या बाजूला आणि अन्ननलिका तिच्याखाली असते. वर आलेले दूध श्वासनलिकेत शिरायचे तर त्याला चढ चढावा लागतो, शिवाय निरोगी बाळ ते गिळून टाकते. पालथ्या स्थितीत हीच रचना उलटी होते. जगभर कोट्यवधी बाळांना पाठीवर झोपवू लागल्यानंतर ठसका लागून होणारे मृत्यू वाढलेले नाहीत.

हे ज्ञान जगाने फार मोठी किंमत मोजून मिळवले आहे. गेल्या शतकाच्या मध्यापासून युरोप-अमेरिकेतील डॉक्टरच बाळांना पोटावर झोपवण्याचा सल्ला देत होते. ऑस्ट्रेलियात ॲडलेड येथे सुसान बील दगावलेल्या बाळांच्या घरी जाऊन त्यांच्या झोपण्याच्या जागा पाहत राहिल्या आणि त्यांना पालथ्या झोपेचा संबंध दिसू लागला. ब्रिस्टलमध्ये पीटर फ्लेमिंग यांच्या गटाने १९९० मध्ये पोटावर झोपवणे आणि अति गुंडाळणे या दोन्हींचा धोका दाखवून दिला. १९९१ मध्ये ब्रिटन आणि न्यूझीलंडने आणि १९९४ मध्ये अमेरिकेने पाठीवर झोपवण्याची मोहीम हाती घेतली. अमेरिकेत १९९२ मध्ये दर हजार जन्मांमागे सुमारे १.२ असलेले सिड्सचे प्रमाण दहा वर्षांत निम्म्यावर आले, तेही कोणत्याही नव्या औषधाशिवाय किंवा यंत्राशिवाय. २००५ मध्ये लंडनच्या रूथ गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी जुने सगळे अभ्यास एकत्र मांडले. पालथ्या झोपेच्या धोक्याचा पुरावा १९७० पर्यंत हाताशी आलेला होता, आणि तो वेळीच एकत्र करून पाहिला असता तर ब्रिटनमध्ये सुमारे १० हजार आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड मिळून किमान ५० हजार बाळे वाचली असती, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुरावा हाती असताना सल्ला देण्यात उशीर झाला की काय होते, याचे इतके स्पष्ट उदाहरण बालआरोग्यात क्वचितच सापडेल.

आपल्याकडे बाळाला पोटावर झोपवण्याची जुनी रीत नाही, आणि ही आपली मोठी जमेची बाजू आहे. पण रीत बदलत आहे. पोटात गॅस होतो म्हणून किंवा डोके मागून चपटे होऊ नये म्हणून पालथे झोपवण्याचा सल्ला मोबाइलवरून थेट बाळंतिणीच्या खोलीत पोहोचतो. मऊ फोमच्या गाद्या, कडेने जाड गुंडाळी असलेली झोपण्याची घरटी, उतरत्या पाठीच्या खुर्च्या बारशाला आहेर म्हणून येतात. आणि एक चुकीचा धडा आपल्या रुग्णालयांमधूनच जातो, याकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छिते. नवजात अतिदक्षता कक्षात अपुऱ्या दिवसांच्या बाळाला श्वास सोपा जावा म्हणून अनेकदा पोटावर ठेवतात. तिथे त्याच्या हृदयाची गती आणि प्राणवायू यंत्रावर दिसत असतो आणि परिचारिका शेजारी असते, म्हणून ते योग्यच असते. पण आई काचेतून दिवसेंदिवस तेच पाहते आणि डॉक्टरांनी शिकवलेली रीत म्हणून घरी तेच करते. मुदतीपूर्वी जन्मलेल्या आणि कमी वजनाच्या बाळांना सिड्सचा धोका मुळातच अधिक असतो. म्हणून घरी सोडण्याच्या बरेच आधी बाळाला कक्षातच पाठीवर झोपवण्याची सवय लावावी, आणि रुग्णालयातली रीत आणि घरातली रीत वेगळी का, हे आईला समजावून सांगावे. कांगारू पद्धतीने छातीवर घेतलेल्या बाळाविषयीही हेच सांगायला हवे. ती पद्धत जीव वाचवते आणि ती अवश्य वापरावी, पण बाळाची मान वळलेली, नाक मोकळे आणि छातीवर घेणारी व्यक्ती जागी असली पाहिजे.

राईच्या उशीविषयी मी ठामपणे लिहिते. डोके गोल यावे म्हणून ती वापरणाऱ्या घरांचा हेतू प्रेमाचाच असतो, पण पहिल्या वर्षात बाळाच्या झोपण्याच्या जागी उशी, लोड, मऊ खेळणी यांपैकी काहीच असू नये. डोक्याचा सपाटपणा घालवायचा उपाय वेगळा आहे. बाळ जागे असताना, कोणीतरी समोर बसून, त्याला दिवसातून थोडा-थोडा वेळ पोटावर खेळवावे. त्याने मानही बळकट होते.

ऊब देण्याच्या सल्ल्यात मात्र तारतम्य सांगावे लागेल. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत, विशेषतः कमी वजनाच्या बाळाला, अंग गार पडण्याचा धोका खरा आहे. नंदुरबारच्या किंवा गडचिरोलीच्या थंडीत तो आणखी खरा आहे. पण तोच सल्ला तीन महिन्यांच्या सुदृढ बाळाला विदर्भातल्या एप्रिलमध्ये लागू केला की कुंची, दुपटे आणि वरून गोधडी अशा थरांत त्याचे अंग तापते, आणि शरीर तापलेल्या बाळाला जाग कमी येते. छातीला किंवा मानेला हात लावून पाहावा. अंग घामेजलेले किंवा जास्त गरम लागले तर एक थर कमी करावा आणि घरात झोपवताना डोके उघडे ठेवावे. हे दोन वाक्यांत सांगता येते.

तंबाखूविषयी बोलताना आपण बहुधा विडी-सिगारेटवर थांबतो. गरोदरपणातले धूम्रपान आणि नंतर घरातला धूर यांचा सिड्सशी असलेला संबंध जगभरच्या अभ्यासांत ठळक आहे, आणि जितका धूर अधिक तितका धोका अधिक. महाराष्ट्रात मात्र तंबाखू वापरणाऱ्या बायका बहुधा धूर काढत नाहीत, त्या मिश्री लावतात, आणि ती दात घासण्याची साधी सवय मानली जाते. निकोटिन गर्भापर्यंत पोहोचते ते दोन्ही मार्गांनी. मुंबईतल्या गरोदर महिलांच्या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले आणि मुदतीपूर्व जन्मही अधिक दिसले. स्वीडनमध्ये गरोदरपणी तपकिरीसारखी ओली तंबाखू वापरणाऱ्या आयांच्या नवजात बाळांत श्वास थांबण्याचे प्रमाण अधिक आढळले आहे. गरोदरपणाच्या तपासणीत 'विडी ओढता का' हा प्रश्न विचारून 'नाही' अशी नोंद करणे म्हणजे आपल्या राज्यातला मुख्य धोका न विचारणे होय. मिश्रीचा प्रश्न स्वतंत्रपणे आणि नाव घेऊनच विचारला गेला पाहिजे.

बाळ निजावे म्हणून औषध देण्याची सवयही जुनी आहे. मुंबईच्या गिरण्यांच्या काळात कामावर जाणाऱ्या बायका तान्ह्यांना बाळागोळी देत आणि तिच्यात अफू असे. आज ती जागा सर्दी-खोकल्याच्या गुंगी आणणाऱ्या औषधांनी काही घरांत घेतली आहे. अमेरिकेत २००४ पासून प्रोमेथाझिन दोन वर्षांखालील मुलांना देऊ नये असा ठळक इशारा आहे, आणि आपल्याकडे डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये असे बजावले. गुंगीतले बाळ जागे होण्याची ती साखळी पूर्ण करू शकत नाही. तालुक्यातल्या औषध दुकानदारांपर्यंत हे पोहोचवणे आपल्या विभागाला शक्य आहे.

आता सर्वांत नाजूक प्रश्न. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्सचा सल्ला असा आहे की बाळाने किमान पहिले सहा महिने आई-वडिलांच्याच खोलीत, पण स्वतंत्र, सपाट आणि टणक पृष्ठभागावर झोपावे. एका खोलीत सात माणसे राहणाऱ्या घरात हा सल्ला जसाच्या तसा वाचून दाखवला तर आई मान डोलावेल आणि रात्री नेहमीप्रमाणे बाळाला कुशीत घेईल. रात्रीच्या दुधासाठी तिला ते सोयीचे असते, आणि स्तनपान स्वतःच सिड्सचा धोका जवळजवळ निम्म्याने कमी करते. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात दक्षिण आशियाई, मुख्यतः पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबांत बाळे आईजवळ झोपण्याचे प्रमाण अधिक असूनही सिड्सचे प्रमाण गोऱ्या कुटुंबांपेक्षा बरेच कमी असल्याचे दिसले. तिथल्या संशोधकांनी याचा संबंध धूम्रपान आणि मद्यपानाचे अल्प प्रमाण, स्तनपान आणि सोफ्यावर बाळासह न झोपणे यांच्याशी जोडला. माझे मत असे आहे की आपल्या सल्ल्यात सरसकट बंदी नसावी, धोक्याच्या परिस्थिती नावानिशी सांगाव्यात. दारू प्यायलेल्या किंवा गुंगीचे औषध घेतलेल्या माणसाशेजारी, तंबाखू वापरणाऱ्या व्यक्तीशेजारी, सोफ्यावर, मऊ गादीवर, दोन मोठ्या माणसांच्या मध्ये किंवा मोठ्या भावंडांच्या रांगेत तान्हे बाळ झोपवू नये. मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळाला तर स्वतंत्र जागाच द्यावी. चटईवर घातलेली पातळ, घट्ट गोधडी नव्या फोमच्या गादीपेक्षा चांगली, हेही सांगावे, कारण ते खरे आहे आणि गरीब घराला त्यातून धीर मिळतो.

न्यूझीलंडने या पेचातून काढलेली वाट मला फार शहाणपणाची वाटते. तिथल्या मूळ रहिवासी माओरी कुटुंबांत बाळ आई-वडिलांजवळच झोपते, आणि त्यांच्यात या मृत्यूंचे प्रमाण अधिक होते. त्यांची पद्धत मोडून काढण्याऐवजी तिथे हाराकेके नावाच्या वनस्पतीच्या पातींपासून विणलेल्या टोपल्या, ज्यांना ते वाहाकुरा म्हणतात, कुटुंबांना दिल्या गेल्या. टोपली अंथरुणातच राहते, बाळ आईच्या हाताच्या अंतरावर असते आणि तरी त्याची जागा स्वतंत्र असते. पुढे त्याच कल्पनेवर साधे प्लास्टिकचे पाळणेही वाटले गेले आणि त्यानंतरच्या वर्षांत तिथले बालमृत्यू घटले. आपल्या बुरूड समाजाच्या हातात बांबूचे काम पिढ्यान्‌पिढ्या आहे. सपाट तळाची, मोकळी हवा खेळणारी, बाळाच्या मापाची बांबूची पाटी एखाद्या जिल्ह्यात प्रायोगिक स्वरूपात, नीट अभ्यास करून, देऊन पाहता येईल. कापडी झोळीत मात्र बाळाची हनुवटी छातीला टेकून श्वास अडू शकतो, म्हणून ती रात्रीच्या झोपेसाठी किंवा देखरेखीशिवाय वापरू नये.

हे सर्व सांगण्यासाठी नवी योजना लागत नाही. नवजात बाळाची काळजी घरीच घेता येते आणि ती गावातली बाई घेऊ शकते, हे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या ३९ गावांत सिद्ध केले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटलेले दिसले आणि देशभरच्या आशाताईंच्या गृहभेटी त्यातूनच उभ्या राहिल्या. आज रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. त्यानंतरच्या योजनेतली पहिली भेट तिसऱ्या महिन्यात असते. म्हणजे सिड्सच्या सर्वाधिक धोक्याचा काळ सुरू होतो नेमका तेव्हाच आपल्या गृहभेटींमध्ये खंड पडतो. सुदैवाने याच काळात बाळ सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात लसीसाठी येते. म्हणून माझी मागणी अशी आहे की बेचाळिसाव्या दिवसाच्या भेटीत आशाताईने बाळाची झोपण्याची जागा प्रत्यक्ष पाहावी, लसीकरणाच्या तिन्ही सत्रांत परिचारिकेने 'रात्री बाळ कसे झोपते' हा एक प्रश्न विचारावा, आणि माता व बाल संरक्षण कार्डावर पाठीवर झोपलेल्या बाळाचे चित्र ठळकपणे छापावे. प्रसूती कक्षातल्या प्रत्येक पाळण्यात बाळ पाठीवरच दिसले पाहिजे, कारण आई ऐकते त्याहून अधिक ती पाहते ते करते.

लसीचा उल्लेख आला म्हणून आणखी एक बाब. ज्या आठवड्यांत लसी दिल्या जातात त्याच आठवड्यांत सिड्सही सर्वाधिक असतो, त्यामुळे काही मृत्यू निव्वळ योगायोगाने लसीनंतरच्या एक-दोन दिवसांत घडणारच. मोठ्या अभ्यासांत लसींमुळे सिड्स होतो असे आढळलेले नाही. उलट लस घेतलेल्या बाळांत त्याचे प्रमाण कमीच दिसले आहे. पण ज्या राज्यात झोपेतल्या आकस्मिक मृत्यूंची वेगळी नोंदच नाही, तिथे गावाला हे पटवून द्यायला आरोग्य अधिकाऱ्याच्या हाती काहीही नसते. एका मृत्यूनंतर सगळे गाव लसीकरणाकडे पाठ फिरवते आणि मग गोवर व डांग्या खोकला परततात.

नोंदीचा हा प्रश्न मला सल्ल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्राचा अर्भक मृत्युदर हजारी १६ होता आणि त्यात पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू ११ होते. याचा अर्थ जवळजवळ एक तृतीयांश बाळे महिना उलटल्यानंतर दगावत होती. न्यूमोनिया, जुलाब, कुपोषण यांवर आपण जसजशी मात करू तसतसा उरलेल्या मृत्यूंमध्ये अशा न उलगडलेल्या मृत्यूंचा वाटा वाढत जाईल, जसा तो इतर देशांत वाढला. आज असा मृत्यू आपल्याकडे दूध अडकले, निमोनिया झाला किंवा कारण अज्ञात, अशा एखाद्या नोंदीत मिसळून जाण्याची शक्यता मोठी आहे. घरात सटवाईचे लिहिलेले टळत नाही असे म्हणतात, आणि तरीही दोष आईच्या पदरात पडतो. तू अंगाखाली घेतलेस, तुला जाग कशी आली नाही, हे तिला आयुष्यभर ऐकावे लागते. पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात तेव्हा तिची भीती आणखी वाढते आणि शवविच्छेदन नाकारले जाते.

केंद्र सरकारने २०१४ मध्ये बालमृत्यू अन्वेषणाची मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत आणि त्यांची चौकट आपल्या जिल्ह्यांत उपलब्ध आहे. त्या प्रश्नावलीत झोपेविषयी काही नेमके प्रश्न जोडावेत: बाळाला कोणत्या स्थितीत झोपवले होते आणि कोणत्या स्थितीत ते सापडले, पृष्ठभाग कोणता होता, तोंडावर काही होते का, शेजारी कोण होते, घरात तंबाखू किंवा दारू होती का, आदल्या दोन दिवसांत कोणते औषध दिले होते. हे प्रश्न घरी जाऊन प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्याने विचारावेत आणि उत्तरांचा उपयोग कोणावर ठपका ठेवण्यासाठी होणार नाही, याची लेखी हमी असावी. जिल्हा रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत अर्भकाच्या शवविच्छेदनाची एकसारखी पद्धत ठरवावी. सिड्स हे निदान सगळे तपासून झाल्यावरच करायचे असते. त्यामुळे त्याची सोय उभी केली तर निसटलेले हृदयविकार, चयापचयाचे आनुवंशिक आजार आणि जंतुसंसर्गही हाती लागतील, आणि पुढच्या गरोदरपणाआधी त्या कुटुंबाला योग्य सल्ला देता येईल.

या तपासाचा निष्कर्ष त्या आई-वडिलांना कळवण्याची जबाबदारी एका नेमक्या डॉक्टरवर सोपवावी. तो त्यांना समोर बसवून, मराठीत किंवा त्यांच्या भिली, गोंडी, कोरकू बोलीत, कागदाच्या प्रतीसह सांगितला जावा, आणि कारण सापडले नसेल तर सापडले नाही असेच त्यात स्पष्ट लिहिलेले असावे.

आपली विश्वासू,
महाराष्ट्रातील एक बालरोगतज्ज्ञ